घडीवरची तिसरी

लॉरेनच्या मामानं पर्थहून पाठवलेली कॅसेट.
कव्हरवर अमेरिकेतल्या तिघी, एकाच कापडाचे झगे:
मधली गात असलेली,
उजवीचा हात कमरेवर,
आणि डावी नेमकी कागदाच्या घडीवर,
अर्धा चेहरा पुढे, अर्धा कडेला
किमतीच्या आकड्याशेजारी.
मी तेव्हाच म्हटलं, ही मी.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर्स, एक्क्याण्णव साल.
लॉरेनचे वडील मेल ड्रायव्हर, शकिला तडवीचे पॉइंट्समन,
माझे पार्सल ऑफिसात, केळीच्या वॅगनी मोजायचे.
लॉरेन शब्द सांगायची, मी देवनागरीत उतरवायची
रेल्वेच्याच रद्दी फॉर्मांच्या पाठीवर.
आरती पाठ असते ना, तसं पाठ केलं,
अर्थाच्या वाटेला न जाता.

आम्ही झालो सिग्नल सिस्टर्स.
जळगावहून एका ताग्याचं कापड आणलं,
ते लॉरेनच्या उंचीनं संपलं, माझ्या बाह्या आखूड झाल्या.
इन्स्टिट्यूटच्या नाताळात तीन गाणी.
चौथ्याला वीज गेली,
तरी आम्ही गात राहिलो अंधारात.
लोक म्हणाले, तेच बरं वाटलं.

मग ऑर्केस्ट्रावाले सुपडूभाऊ आले.
"इंग्रजी कोन ऐकी वं? अहिराणी म्हना."
त्याच तिघींच्या वळणावर अहिराणी शब्द बसवले,
शेवभाजीवरून रुसलेल्या नवरदेवाचे.
धुळ्यात तीन दिवस रेकॉर्डिंग, पंख्याचा आवाज येतो
म्हणून पंखा बंद, घामानं हेडफोन घसरायचा.
मला अकराशे रुपये आणि एक इस्त्री.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळीकडे होतो:
अमळनेरच्या स्टँडवर, शिरपूरच्या टेम्पोत,
सारंगखेड्याला तर एक पांढरी घोडी
आमच्या गाण्यावर नाचत होती,
मालक भाव सांगत होता, गिऱ्हाईक हसत होतं.
मी पुढे होऊन म्हणणार होते, हे आमचं आहे.
पण कॅसेटवर सुरतेच्या कोण्या मुलीचा फोटो,
आणि मागे बारीक अक्षरात:
शकिला आणि पार्टी.

पार्टी म्हणजे आम्ही.

भांडण झालं नाही. लोकांना वाटतं झालं.
लॉरेनच्या घरचे पर्थला गेले, सामानाच्या पेट्या
माझ्याच वडिलांनी वजन केल्या.
तिच्या जागी वरणगावची एक आली,
लॉरेनचाच झगा, कमरेत चार टाचण्या.
चांगली गायची बिचारी.
पण श्वास कुठे घ्यायचा ते आमच्याकडे बघून ठरवायची.
शकिला सुरतेला गेली, एकटीच्या नावानं दोन कॅसेट काढल्या,
मी लग्न होऊन फैजपूरला.

नंतर कधीतरी लॉरेनचं पत्र:
तुला माहीत आहे का कुंदा, त्या तिघीही फुटल्या.
नाव मधलीनं ठेवलं, उजवी कोर्टात गेली.
घडीवरचीचं काय झालं,
हे मी उलट टपाली विचारलं.
तिनं लिहिलं, कुठेच छापून आलं नाही.

आता दुपारी वेफर तळताना
कधी लागतो माझा आवाज.
सून विचारते, मम्मी, कोणतं गाणं हे?
काय सांगणार? चाल शकिलाकडे होती,
वरचा सूर लॉरेनकडे,
माझ्याकडे नुसतं मधलं,
एक पायरी वर, दोन खाली, पुन्हा तेच.
एकटं म्हटलं की कुणाच्याच ओळखीचं नाही.

तरी जिथं शकिला श्वास घ्यायची
तिथं मी अजून थांबते,
झारा हातात धरून.
एखादी चकती करपते तेवढ्यात.